एसजीपीटी १८४६ आलंय, काय करायचं?

मेतकूट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

धाकटा भाऊ, वय २७, नोकरी हिंजवडीला, राहतो वाकडच्या एका पीजीत. गेल्या आठवड्यात ताप, अंगदुखी, जेवणाचा नुसता वास आला तरी मळमळ. ऑफिसात सगळ्यांनाच व्हायरल चालू आहे म्हणून हा पण तापाच्या गोळ्या घेत बसला. ताप उतरला पण लघवी गडद व्हायला लागली, आणि काल व्हिडिओ कॉलवर मला त्याचे डोळे पिवळे दिसले. आज सकाळी तपासायला रक्त दिलं, आत्ता लिव्हरच्या टेस्टचा रिपोर्ट मोबाइलवर आलाय. एसजीपीटी १८४६, एसजीओटी १३१२, बिलिरुबिन (काविळीचं ते पिवळं द्रव्य) ४.८, अल्कलाइन फॉस्फेटेज २१०. एसजीपीटीची वरची मर्यादा ४५ लिहिलीय, म्हणजे हे चाळीसपट झालं!

तिथले डॉक्टर म्हणाले कावीळ आहे, आराम करा, लिव्हरचं टॉनिक घ्या, दोन आठवड्यांनी दाखवा. आई-पप्पा कराडला, ते म्हणतायत घरी पाठव, आत्याच्या गावात एक जण कावीळ उतरवतो. नवरा म्हणतो सरळ ॲडमिट करू. गूगलवर शोधलं तर फिरून फिरून ट्रान्सप्लांटच येतंय. इथे कुणाचे एवढे आकडे आले होते का? नेमकं काय करायचं?

गच्चीवरचा_कावळा
१८४६?? मध्ये टिंब द्यायचं राहिलं नाही ना लॅबवाल्याचं?

पांढरा_डगला
@कावळा, नाही राहिलं. मी लॅबमध्येच काम करतो, पावसाळ्यात असे रिपोर्ट नेहमी जातात आमच्याकडून. मशीनची मर्यादा ओलांडली की नमुना पातळ करून परत लावतो, त्यामुळे एवढा मोठा आकडा सहसा दोनदा बघूनच पाठवलेला असतो. रक्त काढताना पेशी फुटल्या तर एसजीओटी खोटं वाढतं हे खरं, पण त्याने एसजीपीटी हजारावर जात नाही. आणि ताई, पुढच्या सगळ्या टेस्ट शक्यतो एकाच लॅबमधून करा, नाहीतर तुलना करताना डोक्याला ताप.

दहीबुत्ती
घाबरवायचं नाहीये पण आमच्या काकांचं लिव्हर गेलं तेव्हा त्यांचा आकडा शंभरच्या आत होता. १८४६ म्हणजे मला तर बाई विचारसुद्धा करवत नाही. आजच्या आज ॲडमिट करा.

डॉ_गवती_चहा
इथे बसून निदान करत नाही, पण काही गोष्टी आज रात्रीच बघायच्या आहेत म्हणून लिहितोय.

एसजीपीटी, एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशी दुखावल्या की ती रक्तात येतात. टोमॅटोचा ट्रक घाटात उलटला तर रस्त्यावर किती टोमॅटो सांडले ते एसजीपीटी सांगतं. गाडी अजून चालते का, ते त्यावरून कळत नाही. ते कळतं पीटी-आयएनआर वरून, कारण रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर बनवतं आणि लिव्हर थकलं की ती लगेच कमी पडतात आणि आयएनआर चढतो. तुम्ही दिलेल्या रिपोर्टात आयएनआर नाहीच. उद्या सकाळी पहिलं काम ते. सोबत साखर, क्रिएटिनिन, सीबीसी.

आज रात्री बघायचं ते असं: तो नीट शुद्धीत बोलतोय का, दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा असं उलटं झालंय का, उगाच चिडतोय किंवा असंबद्ध बोलतोय का, उलट्या इतक्या आहेत का की पाणीसुद्धा टिकत नाही, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय का. यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलला, शक्यतो जिथे लिव्हरचा डॉक्टर आणि आयसीयू दोन्ही आहे तिथे. सोपी युक्ती सांगतो, त्याला एका कागदावर सही करायला लावा, आणि रोज त्याच कागदावर खाली खाली सही घ्या. मेंदूवर परिणाम व्हायला लागला की बोलण्याआधी अक्षर बिघडतं. झोपेची गोळी अजिबात देऊ नका.

हजारावर एसजीपीटी जायची कारणं मोजकीच असतात. व्हायरल हेपॅटायटिस (आपल्याकडे तरुणांत बहुतेक ए किंवा ई, कधी बी), औषधांचा किंवा विषाचा परिणाम, शॉक वगैरेत लिव्हरला रक्त न पोचणं, ऑटोइम्यून आजार, क्वचित पित्तनळीत अडकलेला खडा. म्हणून या टेस्ट: हेपॅटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गाची अँटीबॉडी), बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी एचसीव्ही, पोटाची सोनोग्राफी, आणि ताप होता म्हणून डेंग्यू.

दहीबुत्ती, काकांना सिरॉसिस (जुनाट आजाराने लिव्हर कडक होणं) असणार. तिथे पेशीच कमी उरतात, मग सांडायला काय राहिलं? म्हणून तो आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवता येत नाही.

एक प्रश्न: तो काय काय घेत होता? तापाच्या गोळ्या किती, जिमचे डबे, काढे, सगळं सांगा.

टग्या_००७
टोमॅटोचे भाव बघता १८४६ सांडले म्हणजे पोरगा श्रीमंत आहे.

मेतकूट
डॉक्टर खूप खूप आभार. आत्ताच बोलले त्याच्याशी. बोलणं स्वच्छ आहे, उलट मलाच म्हणाला तू रडू नकोस. उलटी काल झाली होती, आज नाही, ताक टिकलंय. रूममेटने सही घेऊन फोटो पाठवलाय, नेहमीसारखीच घाणेरडी आहे.

तापाची ६५० ची गोळी दिवसातून चार वेळा, तीन-चार दिवस. त्यातच सर्दीची एक गोळी. जिमची प्रोटीन पावडर आहे. आणि आईने दिलेला गुळवेलीचा काढा सकाळी, प्रतिकारशक्तीसाठी म्हणून.

न्यूजर्सीचा_नाना
इथे अमेरिकेत लिव्हर अचानक निकामी होण्याचं एक नंबरचं कारण पॅरासिटामॉल आहे, इकडे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात. लोकांना कळतच नाही की तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, तिन्हीत तेच भरलंय. सर्दीच्या गोळीची पट्टी उलटी करून वाचा.

डॉ_गवती_चहा
नानांचा मुद्दा बरोबर. ६५० चार वेळा म्हणजे २६०० मिलिग्रॅम, सर्दीच्या गोळीत ५०० धरलं तरी निरोगी मोठ्या माणसाच्या ४ ग्रॅमच्या मर्यादेच्या आत. त्यामुळे हे मुख्य कारण वाटत नाही, पण जो डॉक्टर बघेल त्याला सांगायचं, कारण पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटाइलसिस्टीन हा उतारा आहे आणि तो लवकर दिला तर फार उपयोगी पडतो. आता मात्र पॅरासिटामॉल, पावडर, काढा, टॉनिक सगळं बंद. लिव्हर सुजलेलं असताना त्याला एकही जास्तीचं काम नको.

शेवग्याची_शेंग
काढा बंद करा हे बरं झालं सांगितलंत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांच्यात लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस छापल्या होत्या ना, पेपरात पण गाजलं होतं.

वैद्य_अडुळसा
आणि तेव्हाच आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला होता, हेही सांगा की. गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल असते, बाजारात कुणी काय चूर्ण विकतं याचा पत्ता नाही. दोष वनस्पतीचा की ओळखीचा?

शेवग्याची_शेंग
वैद्यबुवा, लिव्हरला काय फरक पडतो दोष कुणाचा आहे त्याने?

वैद्य_अडुळसा
बरं. एवढं मान्य की डोळे पिवळे असताना घरच्या घरी कुठलाच काढा नको. मी स्वतः असा रुग्ण आला तर आधी आयएनआर करून आण म्हणतो, मगच नाडी.

मालवणी_तिरफळ
ताई, कराडला पाठवायला काय हरकत आहे? आमच्याकडे काविळीची माळ घालतात, ती जसजशी लांब होत खाली येते तसतशी कावीळ उतरते. माझी स्वतःची उतरली आहे. डॉक्टर लोकांना पटत नाही म्हणून खोटं होतं का?

पंचगंगा_काठ
तिरफळ, ए आणि ई ची कावीळ शंभरातल्या बहुतेकांची आपोआपच उतरते, महिना-दीड महिन्यात. माळ घाला, टायर घाला, उतरणारच. माळेच्या काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते, ती तुळशीला घातली तरी लांबेल.

हातावर काहीतरी चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात ना, पिवळं पाणी निघतं, ते माझ्या चुलतभावाने कावीळ नसताना करून बघितलं. त्याचंही पिवळंच निघालं. बाबाने त्यालाही पाचशे रुपये आणि पथ्य सांगितलं. आणि नाकात कडू दोडक्याचा रस सोडतात ते तर कृपा करून कुणी करू नका, माझ्या मेव्हण्याला नाकातून रक्त थांबेना म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

मी इचलकरंजीचा. २०१२ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे काविळीची साथ आली ती हेपॅटायटिस ई ची. नळाला गढूळ पाणी, गल्लीत घरटी एक पेशंट, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या. उसाचा रस चांगला म्हणून लोक रसवंतीवर रांगा लावायचे आणि त्या रसात बर्फ कुठल्या पाण्याचा तर त्याच पाण्याचा! तेव्हा माणसं गेली त्यातल्या काहींच्या घरचे आधी उतरवायला घेऊन गेले होते, त्यात मोलाचा वेळ गेला. म्हणून सांगतो, आधी आयएनआर, मग पाहिजे तर माळ.

गच्चीवरचा_कावळा
टायर घाला :D

दहीबुत्ती
पण पथ्य तर पाळायला हवं ना? हळद बंद, तूरडाळ बंद, तेलाचा थेंब नाही. आमच्याकडे कावीळवाल्याला महिनाभर ज्वारीची लाही आणि उकडलेला दुधी देतात.

टग्या_००७
पिवळं झालं म्हणून पिवळं खायचं नाही. मग गोरं व्हायला आमच्या बहिणीने जन्मभर दहीभातच खायला हवा होता.

सात्त्विक_डबा
मी आहारतज्ज्ञ आहे. हळदीच्या चिमटीने बिलिरुबिन वाढत नाही. तूपतेल कमी चाललं तर फक्त मळमळ होते म्हणून, लिव्हर बिघडतं म्हणून नाही. मळमळ सकाळी कमी असते, त्यामुळे सकाळचं खाणं मोठं करा. भात, मऊ खिचडी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, केळं. महिनाभर दुधीवर ठेवलेला माणूस काविळीतून उठतो आणि अशक्तपणात पडतो. दारू मात्र बंद, बरं झाल्यावरही काही महिने.

टग्या_००७
काही महिने म्हणजे नक्की किती? मित्रासाठी विचारतोय.

धावता_धोटे
जरा अवांतर. माझं गेल्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये एसजीओटी ३८०, एसजीपीटी १४० आलं होतं. दारू नाही, कावीळ नाही. एका डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं हे लपूनछपून पितात का. शेवटी दुसऱ्यांनी सीपीके (स्नायूंच्या इजेची टेस्ट) करायला लावलं, ते हजारांत. आदल्याच दिवशी जिममध्ये बऱ्याच दिवसांनी पायांचा व्यायाम दाबून केला होता. ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात म्हणे. आठवडाभर आराम करून परत केलं तर सगळं जागेवर.

पांढरा_डगला
बरोबर. एसजीओटी जास्त, एसजीपीटी कमी आणि बाकी लिव्हर ठीक दिसलं तर सीपीके बघावं. दारूत पण एसजीओटी दुपटीने जास्त दिसतं पण ते सहसा तीनशेच्या वर जात नाही. मेतकूट ताईंच्या भावाचं उलटं आहे, एसजीपीटी पुढे, म्हणजे लिव्हरच.

कोथरूडची_साळू
धाग्यावर डॉक्टर आहेत म्हणून विचारून घेते. वडील ६४, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, एसजीपीटी ७० आलं. शेजारचे म्हणतात गोळी लिव्हर खाते, बंद करा.

डॉ_गवती_चहा
साळू, शेजाऱ्यांना बंद करा, गोळी नको. स्टॅटिनने थोडं वाढू शकतं, वरच्या मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत सहसा फक्त लक्ष ठेवतात. ७० ला जास्त संशय फॅटी लिव्हरचा: पोटाचा घेर, साखर, सोनोग्राफी बघा. डॉक्टरांना न विचारता स्टॅटिन थांबवून हार्ट ॲटॅक ओढवून घेतलेले लोक मी पाहिलेत. टीबीची औषधं चालू असलेल्यांचं गणित वेगळं, तिथे उलट्या किंवा कावीळ दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

मेतकूट
अपडेट. काल आयएनआर आला १.३. सोनोग्राफीत लिव्हर थोडं सुजलंय, पित्ताशयाची भिंत जाड, खडा नाही. बी, सी निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह. हेपॅटायटिस ई आयजीएम पॉझिटिव्ह. पोटविकारवाल्या मॅडमनी ॲडमिट केलं नाही, म्हणाल्या घरी ठेवा पण एकटं पीजीत नको. म्हणून माझ्याकडे पिंपळे सौदागरला आणायचं ठरलंय.

आता एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, मला सातवा महिना चालू आहे. सासूबाई म्हणतायत त्याला इथे आणू नको. पप्पा निघालेत कराडहून. काय करू?

मालवणी_तिरफळ
अगं बाई. ताई आधी स्वतःची काळजी घ्या, भाऊ होईल बरा.

डॉ_गवती_चहा
हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेपॅटायटिस ई इतरांना बहुतेक सौम्य जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. सासूबाईंची भीती निराधार नाही. मात्र तो हवेतून, शिंकेतून पसरत नाही. पसरतो विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून. एकाच घरात माणसापासून माणसाला जाणं या व्हायरसमध्ये कमीच, ए मध्ये जास्त. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि तुमच्या बाबतीत जोखीम घ्यायचं कारणच काय? पप्पा येतायत तर काही दिवस त्या दोघांची सोय दुसरीकडे करा, जवळच कुणा नातेवाइकांकडे. नाहीच जमलं तर वेगळा संडास, साबणाने हात, त्याने स्वयंपाकघरात जायचं नाही, आणि त्याचे कपडे, भांडी तुम्ही धुवायची नाहीत.

त्याहून मोठा प्रश्न: तुम्ही त्याच्या पीजीत गेला होता का, तिथलं पाणी प्यायलात का? हा आजार लागल्यापासून दिसेपर्यंत दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे त्याने जे पाणी प्यायलं ते आजचं नाही, महिन्याभरापूर्वीचं. तुमच्या डॉक्टरीणबाईंना आजच कळवा, त्या वाटलं तर तुमचंही एसजीपीटी करतील. आणि घरचं पाणी खळखळून उकळा, दोघींच्या समाधानासाठी.

मेतकूट
नाही, पीजीत कधीच गेले नाही, तोच यायचा रविवारी. आत्ताच माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, उद्या बोलावलंय. मावसभावाचा रावेतला फ्लॅट रिकामा आहे, पप्पा आणि तो तिकडे राहतील. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, म्हणाल्या बघ, मी डॉक्टर नसून हेच सांगत होते.

न्यूजर्सीचा_नाना
सासूबाईंना इथे खातं काढून द्या.

शेवग्याची_शेंग
ई ची लस मिळत नाही का? आम्ही मुलांना ए ची दिली होती.

डॉ_गवती_चहा
ए ची मिळते, सगळीकडे. ई ची चीनमध्ये निघाली आहे, आपल्याकडे दवाखान्यात जाऊन टोचून घ्यावी अशी नेहमीची नाही. ए ची लस ई ला चालत नाही. आणि बी, सी निघालं असतं तरी घाबरायचं नाही, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, हेपॅटायटिस सी तर बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

वैद्य_अडुळसा
दिल्लीची १९५५-५६ ची साथ म्हणतात ती हीच, हेपॅटायटिस ई ची. नाल्याचं पाणी यमुनेत शिरलं, काविळीच्या हजारो केसेस, आणि नेमका कोणता व्हायरस हे साठवलेले नमुने कित्येक वर्षांनी तपासल्यावर कळलं. पाण्याच्या पाइपशेजारी गटाराचा पाइप ठेवायची आपली हौस जुनी आहे.

मेतकूट
परत घाबरलेय. आज परत रक्त केलं. एसजीपीटी ९२० वर आलं म्हणून आनंद झाला, तर बिलिरुबिन ४.८ चं ९.६! डोळे आणखी पिवळे. पप्पा म्हणतात औषध लागू पडत नाहीये. औषध काय, काही देतच नाहीयेत.

डॉ_गवती_चहा
आयएनआर?

मेतकूट
१.२

डॉ_गवती_चहा
मग ठीक चाललंय. टोमॅटो सांडायचे थांबले पण रस्ता साफ व्हायला वेळ लागतो. एन्झाइम्स आधी उतरतात, बिलिरुबिन मागाहून शिखर गाठतं, कधी एक-दोन आठवड्यांनी. भीती कधी बाळगायची सांगतो: एसजीपीटी धाडकन पडलं, बिलिरुबिन चढतंय आणि आयएनआरही चढतोय, ही तिन्ही एकत्र. त्याचा अर्थ बरं होतंय असा नसतो, पेशी संपत आल्या असा असू शकतो. तुमच्याकडे आयएनआर उतरलाय. जेवतोय का?

मेतकूट
आज पहिल्यांदा स्वतःहून भात मागितला. पप्पांनी मेतकूट-भात दिला. (माझा आयडी त्यावरूनच आहे.) सही पण रोज घेतायत, पप्पांनी त्यासाठी जुनी वही काढलीय, वर तारीख घालून.

सात्त्विक_डबा
मेतकुटात डाळी, तांदूळ, गहू सगळं भाजून असतं. काविळीला मस्त. वरून थोडं तूप घातलंत तरी चालेल.

दहीबुत्ती
तूप???

पंचगंगा_काठ
पीजीतल्या बाकी पोरांचं काय? तिथे आणखी केसेस असणार. साथ अशीच कळते, एक जण टेस्ट करतो, बाकीचे पित्त झालंय म्हणून लिंबूपाणी पितात.

मेतकूट
बरोबर ओळखलंत. त्याच्या मजल्यावरच्या आणखी दोघांना तसाच ताप आणि मळमळ आहे, एकाचे डोळे पिवळे. पाणी टँकरचं, खालच्या टाकीत पडतं. मालकाला फोन केला तर म्हणाला टाकी मागच्याच महिन्यात धुतली, तुमचा भाऊ बाहेर पाणीपुरी खातो.

पंचगंगा_काठ
मालकाशी भांडू नका, वेळ जातो. महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा, ते पाण्याचे नमुने घेतात, कावीळ झालेल्यांची यादी करतात. त्या दोन्ही मुलांना आजच एसजीपीटी, बिलिरुबिन, आयएनआर करायला सांगा. टाकीत क्लोरीन टाकून बाकी मुलं तेच पाणी न उकळता पीत राहिली तर काही खरं नाही, कारण सांडपाणी कुठून शिरतंय तेच सापडलेलं नसतं. आमच्याकडे तसंच झालं होतं.

मेतकूट
रूममेटने मेल टाकलाय, माझ्या नवऱ्यानेही प्रत पाठवली. माझं एसजीपीटी १९, सगळं नॉर्मल. सगळ्यांचे मनापासून आभार. आता त्याचं परत कधी तपासायचं, आणि ऑफिसला कधी जाऊ शकतो?

डॉ_गवती_चहा
रोज रोज सुया टोचू नका, उलटी-गुंगी नसेल तर आठवड्याने एकदा, आयएनआरसह. ऑफिस कावीळ उतरून भूक परत आली की, आकडे अगदी ४५ च्या आत यायची वाट बघायची गरज नाही. थकवा काही आठवडे राहतो, तेव्हा घरून काम मागून घ्या. जिम एवढ्यात नको. सर्टिफिकेट त्या पोटविकारवाल्या मॅडमकडूनच घ्या, माझ्याकडे मागू नका, आयडी गवती चहा आहे माझा.

टग्या_००७
माझा प्रश्न कुणी घेतलाच नाही. मित्राचं गॅमा जीटी (लिव्हरचंच आणखी एक एन्झाइम) ११० आहे. नवा धागा काढू का इथेच विचारू?

सात्त्विक_डबा
नवा काढा. आणि मित्राला सांगा, काही महिने म्हणजे काही महिने.